गॅलरी चार पावलांवर

नवऱ्याचं तेरावं उरकलं आणि प्रमिलाबाई खरोट्यांनी घरचा फोन, इंटरनेट सगळंच दुसऱ्या कंपनीकडे न्यायचं ठरवलं. हातचं गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून जुन्या कंपनीचे धुमाळसाहेब स्वतः घरी आले आणि नवऱ्याच्या आरामखुर्चीत ऐसपैस बसले.

"बाई, आमची रेंज पाताळातसुद्धा मिळते!"

"मग राहते तुमच्याकडेच. तेवढं वरिष्ठांना इथूनच कळवा."

साहेबांनी खुशीत फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. शेवटी ओशाळून म्हणाले, "गॅलरीत जातो, तिथं हमखास लागेल."

"लागेल ना," बाई म्हणाल्या. "छातीत कळ आली तेव्हा हेही याच खुर्चीतून डॉक्टरांना फोन लावत होते. मी बाजारातून आले तेव्हा फोन हातातच होता. गॅलरी चार पावलांवर आहे, साहेब. त्यांना ती गाठता आली नाही."