धाकूची भिंत आणि कांदळाची मुळं

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट, लहानांनी ऐकावी आणि मोठ्यांनी आठवावी अशी. एका खाडीच्या काठी एक गाव होतं. गावाची भातखाचरं खाडीला अगदी खेटून होती, आणि दोहोंच्या मध्ये होता फक्त एक बांध. बांधाच्या अलीकडे भात आणि गोड्या पाण्याची एकुलती एक विहीर, पलीकडे सगळं खारं पाणी. बांध टिकला तर गाव टिकणार, हे पोराटोरांनाही ठाऊक होतं.

हा बांध राखायचं काम धाकूच्या घराण्याकडे होतं. त्याचा आजा आणि बाप मातीचा बांध घालायचे, दर साली थोडी डागडुजी करायचे, की भागायचं. धाकू मात्र हुशार आणि तितकाच हट्टी. चुन्यात दगड बांधायची विद्या तो परमुलखातून शिकून आला आणि मातीच्या बांधाच्या जागी त्यानं पुरुषभर उंचीची भिंत उभी केली. आसपासच्या गावांतली माणसं ती मुद्दाम बघायला यायची. धाकू मिशीला पीळ देत भिंतीवरून येरझारा घालायचा. आता, एवढं कौतुक झाल्यावर कोण घालणार नाही?

चुना करायचा तर शिंपल्या भाजायला हव्यात, आणि भट्टीला लाकूड हवं. लाकूड भिंतीबाहेरच उभं होतं. तिथं कांदळाचं दाट रान होतं. कांदळ म्हणजे खाडीच्या चिखलात उगवणारं झाड. त्याची मुळं कोळीकिड्याच्या पायांसारखी चहूबाजूंनी वाकून पाण्यात उतरलेली असतात. चिखलातलं झाड, ते काय कामाचं, असं म्हणत लोकांनी कुऱ्हाडी चालवल्या.

सुरुवातीला भिंत छान टिकली. मग एका उधाणाला तिला खिंडार पडलं. धाकू म्हणाला, भिंत बारीक झाली. त्यानं ती जाड केली. जाड भिंतीला चुना जास्त, चुन्याला लाकूड जास्त. पुढच्या साली ती पुन्हा फुटली. मग त्यानं ती उंच केली. भिंत वाढत गेली, रान घटत गेलं, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. खाचरांत मीठ फुलायला लागलं. विहिरीचं पाणी मचूळ झालं, आणि मुलं पाणी पिताना तोंडं वाकडी करू लागली.

अखेर म्हाताऱ्या गावकरानं, म्हणजे गावच्या प्रमुखानं, धाकूला बोलावलं.

"धाकू, तुझ्या कष्टांना कोण नावं ठेवीत नाय. पण येत्या उधाणाला भिंत फुटली, तर आपण गाव उठवायचा. डोंगरापल्याड जायचा. खारं पाणी पिऊन पोरं कशी जगणार?"

त्या दिवसापासून धाकूला अन्न गोड लागेना. बापजाद्यांनी राखलेलं गाव आपल्या हातून उठणार, हा विचार त्याचं काळीज कुरतडत राहिला.

ही बातमी खाडीपलीकडे पोचली. तिथं त्याची थोरली बहीण आवडी दिली होती. माहेर उठायच्या आत एकदा डोळे भरून बघावं म्हणून ती होडीत बसून आली. आली ती थेट भिंतीवर गेली आणि बराच वेळ इकडे तिकडे शोधत राहिली.

"धाकू, आपलं कांदळ कुठं रे?"

"भट्टीत," धाकू खाली बघत म्हणाला.

आवडी मटकन भिंतीवर बसली. तिचे डोळे भरून आले. "अरे, तिथंच तर आपण लहानाचे मोठे झालो. भरतीच्या वेळी मुळांत बसून काठावरच्या भेंडीच्या झाडाच्या पानांच्या होड्या सोडायचो. बाहेर लाटा धडाधड आपटायच्या आणि आपल्या होड्या कशा मजेत जायच्या! एकसुद्धा कधी उलटली नाय. आठवतंय ना?"

धाकूला सगळं आठवलं. चिखलाचा तो ओला वास, गुडघ्यांना लागलेला गाळ, जेवायला हाका मारणारा बाप, आणि पहिली होडी माझीच म्हणून आवडीशी केलेली भांडणं. किती सुखाचे दिवस होते ते, आणि आपण ते स्वतःच्या हातानं जाळले! डोळे पुसता पुसता त्याच्यातला बांधकरी मात्र जागा झाला. एवढ्या लाटा बाहेर आपटत होत्या, तर पानांच्या होड्या उलटल्या का नाहीत?

खाडीच्या वळणावर देवाची जागा होती. तिथल्या कांदळाला भीतीपोटी कुणी कुऱ्हाड लावली नव्हती. भरतीची वेळ साधून भाऊबहीण तिथं जाऊन बसले. तेवढ्यात चिखलातल्या बिळातून एक म्हातारी चिंबोरी नांगी वर करून बाहेर आली. त्या काळी खेकडेही बोलत असत आणि माणसं त्यांचं ऐकतही असत.

"इतकी वर्षं भट्टी पेटवलीस, आणि बघायला आज येतोस होय?" ती फणकारली. "आलास तर नीट बघ."

धाकू बघू लागला. लाट पहिल्या मुळांवर आली, फुटली, दुभंगली. पुढच्या मुळांनी तिचे आणखी तुकडे केले. पार मागे पोचेपर्यंत तिच्यातला सगळा जोर गेला होता, आणि ती गुपचूप किनाऱ्याला टेकली. परत जाताना मुळांच्या बुडाशी मऊ गाळाचा थर ठेवून गेली.

"तुझी भिंत पाण्याला दारातूनच हाकलते," चिंबोरी म्हणाली. "मग ते चिडणारच! ही मुळं म्हणतात, ये बाबा, जरा दम घे, हातातलं ओझं खाली ठेव. त्या ओझ्यावरच तर आमची घरं उभी आहेत."

धाकूनं तिला हात जोडले आणि धावतच गाव गाठलं.

त्यानं लोकांना सांगितलं, "भिंत आणखी वाढवायची नाय. भिंतीबाहेर कारवीच्या काठ्या रोवून विरळ कुड घालायचे, एकामागे एक, मुळांसारखे आडवेतिडवे. त्यांच्या आडोशाला कांदळाच्या शेंगा रोवायच्या. आणि भिंत उतरवून मागं आज्यासारखा उतरता मातीचा बांध घालायचा."

"पाणी अडवायला चाळण लावतोस काय रे?" गावकर म्हणाला, आणि सगळे खो खो हसले.

"हसा खुशाल. पण कांदळाला जागा हवी. त्यासाठी खाडीलगतचं माझं खाचर मी बांधाबाहेर सोडतो."

कोकणात माणूस बापाचं खाचर उगाच सोडत नाही. दुसऱ्या दिवशी ज्याच्या त्याच्या हातात कारवीच्या काठ्या होत्या. भिंतीचा पहिला दगड धाकूनं स्वतः काढला, आणि अवसेच्या आत मागे मातीचा बांध उभा राहिला.

अवसेला भर दुपारी उधाण आलं. लोक बोचकी बांधूनच बांधावर उभे होते. पाणी गर्जत आलं आणि पहिल्या कुडात शिरलं. काही काठ्या कडाकडा मोडल्या, तशी बायकांनी पोरं उचलून घेतली. दुसऱ्या कुडाशी पाण्याचा आवाज उतरला. पुढे तो आणखी उतरत गेला. आवडीनं हळूच खाली उतरून भेंडीच्या पानाची एक होडी पाण्यात सोडली. ती डुलली, कलली, सावरली आणि मातीच्या बांधाला येऊन टेकली. धाकू सगळ्यांदेखत लहान मुलासारखा रडला. गावकरानं आपलं बोचकं सोडायला घेतलं.

पुढे कारवीचे कुड कुजून गेले, पण तोवर कांदळ कमरेच्या वर आलं होतं. पावसाळे गेले तसं विहिरीचं पाणी हळूहळू गोड झालं. भिंतीचे दगड लोकांनी विहिरीच्या कठड्याला वापरले. धाकू म्हातारा झाला, तेव्हा त्याच्या सोडलेल्या खाचरात दाट रान उभं होतं, आणि भरतीच्या वेळी तिथून मुलांच्या भांडणांचे आवाज येत. पहिली होडी कुणाची, यावरून ती भांडत. धाकू डोळे मिटून ते ऐकत बसे.

गोष्टीचं सार एवढंच, की निसर्गाशी झुंजायला उभं राहण्याआधी तो आपलं काम कसं करतो ते बघून शिकावं, नाहीतर आपल्याला राखणारं झाडच आपण आपल्या भट्टीत घालतो.