डाव्या खांद्यावरची पाकळी

फार पूर्वीची गोष्ट. वार मंगळवार, वेळ सकाळच्या आरतीनंतरची, ठिकाण खाडीकाठच्या एका गावातलं देऊळ. सारं गाव सभामंडपात हात जोडून उभं होतं.

त्या गावची रीत अशी, की गुरवाने देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि प्रत्येक मागण्याला गावाने एका सुरात होकार भरायचा.

"पाऊसपाणी वेळेवर दे!"

"होय महाराजा!"

"गुराढोरांना सुखी ठेव!"

"होय महाराजा!"

मग मानकऱ्याने खूण केली. गुरव त्याच सुरात म्हणाला, "देवळाकडे पाठ फिरवणाऱ्या कोष्ट्याचं पाणी तोड!"

"होय महाराजा!" सवयीने सगळे गरजले.

एकटी सुईण गप्प राहिली. बाई देवाची मोठी भक्त. देवळाचं अंगण झाडल्याशिवाय तोंडात पाणी घेत नसे. पण कोष्ट्याच्या घरात ओली बाळंतीण होती, आणि कोष्ट्याचा गुन्हा काय? 'माझा देव मला मागावर भेटतो,' एवढंच म्हणून तो देवळात यायचा थांबला होता.

मानकऱ्याने तिला हेरलं. "काय गं सुईणकाकू, तोंडात मिठाची गुळणी धरलीस का?"

"पाऊस मागितलात, होय म्हटलं. याला नाही म्हणणार."

"देवापुढे नाही म्हणतेस?"

"देवापुढे नाही रे, तुझ्यापुढे. आणि डोळे वटारू नकोस. पायाळू आला होतास, तेव्हा मीच ओढून बाहेर काढलंय तुला."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मानकरी लालबुंद झाला. "मग देवालाच विचारू. लावा कौल!"

गुरवाने मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. बघता बघता उजवी पडली.

"झालं समाधान? आता म्हण होय. नाहीतर उद्यापासून तुझीही घागर विहिरीत पडायची नाही."

सुईणीने देवाला वाकून नमस्कार केला. "त्याला काही सांगायचं असेल तर तो मलाही सांगेल. रोजची भेट आहे आमची. आत्ता तरी माझ्या मनात तो नाहीच म्हणतोय."

ती वळली, देवळासमोरच्या विहिरीवर गेली, घागर भरून कमरेवर घेतली आणि भर रस्त्याने कोष्ट्याच्या घराकडे निघाली.

"अडवा तिला!" मानकरी ओरडला आणि होकाराची वाट बघत थांबला.

होकार आला नाही. सगळे जमिनीकडे बघत होते. मग बायकांतून एक लेकुरवाळी पुढे झाली आणि आपली घागर घेऊन विहिरीकडे चालू लागली.

तेव्हापासून त्या गावात गाऱ्हाणं लांबतं. लोक म्हणतात, "गुरवा, आधी मागणं नीट ऐकू दे, मग होय म्हणू."

तात्पर्य सांगायचंच तर एवढं: हात देवाला जोडावेत, पण जीभ मानकऱ्याच्या हवाली करू नये.

आणि ती डावी पाकळी? दुसऱ्या दिवशी अभिषेकाचं पाणी पडलं तरी ती खांद्यावरून हलली नाही. नखाने खरवडली तेव्हा खाली मेण निघालं. मेण कोणी लावलं, असं गावाने विचारलं. गुरवाने मानकऱ्याकडे पाहिलं, मानकऱ्याने देवाकडे. उत्तर अजून मिळालेलं नाही.