फाटक्या सुपामागचा दिवा

ऐनाच्या रानाला लागून, टेकडीवर एक चिमुकली झोपडी होती. चांगुणा आणि तिची आई तिथे राहत. तापात आईची वाचा गेली होती. चांगुणा सरपण वेचायला गेली, की तिन्हीसांजेला आई दारात रॉकेलची पेटती चिमणी धरायची आणि सुपाने ती तीनदा झाकायची. म्हणजे, पोरी, आता घरी ये. सूपही फाटकंच, झाकलं तरी भोकातून ठिपकाभर उजेड दिसायचाच.

त्या सांजेला चांगुणा कंदील घेऊन सरपण वेचत होती, आणि रान काजव्यांनी कसं लखलखलं होतं! सोनेरी, पोपटी, इवले इवले दिवे. कुणी दोनदा चमके, कुणी चारदा. करवंदीच्या जाळीतून एक हिरवागार उजेड त्यांना उत्तर देत होता.

"ये गं बाळे," जाळीतून गोड आवाज आला. "मी परी आहे. आईचा आवाज हवाय ना? नियम एकच. कंदील मालव, डोळे मीट, आत ये."

चांगुणाला आनंदाने रडूच आलं. तिने कंदिलाची वात खाली केली, पण मग हात थबकला. दोनदा चमकणाऱ्याला हा उजेड एक उत्तर देई, चारदा चमकणाऱ्याला दुसरंच. आणि आत गेलेला एकही काजवा बाहेर येत नव्हता.

"परीताई, तुमची स्वतःची खूण कोणती?"

"तुला आवडेल ती!" असं म्हणत जाळीतला उजेड तीनदा विझला. हुबेहूब आईसारखा! फक्त मधला अंधार काळाकुट्ट होता, त्यात ठिपका नव्हता.

चांगुणा चटकन मागे सरली. हिला दुखवलं आणि ही खरीच परी निघाली, तर आईचा आवाज हातचा जाईल. पण दोनदा चमकणारा एक पिटुकला काजवा भुलून जाळीत शिरतच होता. रडत रडत तिने वात मोठी केली आणि कंदील जाळीत खुपसला. त्या उजेडात हिरवी खूण फिकी पडली. आत परी कुठली! काजव्याची एक भलीमोठी मादी बसली होती आणि तिच्या पायाशी इवल्या पंखांचा खच पडला होता. ती घाईघाईने पानाआड पळाली.

पिटुकला काजवा चांगुणाच्या बोटावर टेकला आणि त्याची चंदेरी पंखांची बोटभर परी झाली. "माझाही नियम आहे हं," ती हळूच म्हणाली. "मागणं एकच. पण कंदील पेटता ठेवायचा आणि डोळे उघडे."

चांगुणाने कंदील उंच धरून तिला नीट न्याहाळलं, मगच म्हणाली, "माझ्या आईचा आवाज."

परी खुदकन हसली आणि रुपेरी उजेडात विरून गेली.

तोच टेकडीवरून हाक आली, "चांगुणेऽऽ! ये गं घरी!"

चांगुणा जागची हलली नाही. तिने झोपडीकडे डोळे लावले. चिमणी तीनदा झाकली गेली आणि तिन्ही वेळा सुपाच्या भोकातून ठिपका दिसला. मग मात्र "आई गं!" म्हणत ती धूम पळत सुटली.