मापाऱ्याचा गुडघा

एका राज्यात राजाच्या कोठारात टिटवीने अंडी घातली होती. टिटवी अंडी घालते ती उघड्या खडीवर, आणि कोठारात खडीच होती. दर सुगीला शिपाई गावोगाव फिरत, काठी आपटून राजभाग वसूल करीत, ज्वारीच्या गोण्या कोठारात रित्या होत, आणि तीन दिवसांत त्या ज्वारीची खडी होई. त्या खडीचे राजाने धरण बांधले, ते फुटले. विजयस्तंभ बांधला, तो अकरा माणसांवर कोसळला.

हा शाप होता. राजाच्या आज्याने दुष्काळात एका मांत्रिकाच्या आईचे शेवटचे दाणे हिसकावून नेले. म्हातारी उपाशी मेली. मांत्रिकाने तिची चिता पेटवली आणि तो म्हणाला, "हिसकावलेला दाणा दगड होईल. आणि दर वर्षी हिसकावणाऱ्यांच्या घरातले एक माणूस दगड होईल." तसेच चालले होते. गेल्या वर्षी युवराजाची पाळी आली. एक हात पुढे केलेला युवराज दरबाराच्या दारात उभा होता. पहिले काही महिने मानकरी त्याला मुजरा करीत. पुढे पुढे ते त्या हाताला पागोटी अडकवू लागले.

यंदा पाळी आली गोंदाजी मापाऱ्याच्या घरावर.

गोंदाजीने पंचवीस वर्षे राजभाग मोजला होता. पहिल्या पायलीला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायचे, मग दोन, मग तीन. घेताना पायलीवर शीग चढवायची, देताना वरून हात फिरवून माप सपाट करायचे. आणि शीग चढवण्याआधी पायलीला गुडघ्याने हलकेच ठोकायचे. दाणे खाली बसतात, वर मूठभर जागा होते. ती मूठ राजाची. ठोकून ठोकून गोंदाजीच्या गुडघ्याला घट्टा पडला होता.

एका सकाळी त्याची एकुलती लेक सगुणा अंथरुणातून म्हणाली, "बाबा, पावलं उचलत नाहीत." गोंदाजीने हात लावून पाहिले. काळा, गार दगड.

तो धावत कोठारात गेला. खडीच्या ढिगावरून टिटवी म्हणाली, "मापाऱ्या, पाय जपून टाक. अंडी आहेत."

"तुला बोलता येतं?"

"येतं. आजवर कोणी विचारलं नाही."

"माझी लेक वाचेल?"

"दोन कामे उभी राहिली तर वाचेल. काम कोणते, ते लोकांनी सांगावे, राजाने नाही. त्यासाठी दाणे लोकांनी आपखुशीने घालावे. धाकाने घेतलेला, फसवून घेतलेला, रडून घेतलेला एक दाणा जरी मिसळला, तरी काम मोडेल आणि दगड वर चढेल."

"रडूनसुद्धा?"

"रडून मागणाराही हिसकावतोच."

गोंदाजीने राजापुढे जाऊन टिटवीचे बोलणे सांगितले. राजा हसला. "काठीवाचून राजभाग देणारा माणूस तू पाहिला आहेस?"

"नाही, महाराज. पण काठीने आलेली ज्वारी खाणारा माणूसही पाहिला नाही."

राजाने दाराकडे, आपल्या दगडी मुलाकडे पाहिले. "जा," तो म्हणाला. सोबत त्याने चार शिपाई दिले. गोंदाजीने ते वेशीवरूनच परत पाठवले.

नदीकाठच्या गावी तो चावडीवर पायली घेऊन बसला. माणसे लांबूनच बोलत.

"काठी कुठं ठेवलीस रे, मापाऱ्या?"

"आणली नाही. तुम्हाला काय हवं ते सांगा. द्यावंसं वाटलं तर द्या."

"ऐका! कोल्हा कोंबड्यांना विचारतोय, खुराडं कसं बांधू?"

दोन दिवस कोणी फिरकले नाही. तिसऱ्या दिवशी भिवा कुंभार आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "स्मशानाची वाट बांधा. गेल्या आषाढात आईला नेताना चिखलात खांदेकरी घसरले. आई खाली पडली. मेलेल्या आईला मी पुन्हा आंघोळ घातली." इतके बोलून त्याने चावडीत सूपभर ज्वारी ओतली. मग कोणी म्हणाले देवळाला कळस हवा, कोणी म्हणाले गुरांना हौद हवा. दिवसभर भांडण झाले. पण जिच्यावरून सर्वांनाच जायचे, ती वाट ठरली. ज्वारीवर गवंडी जेवले, वाट बांधली गेली. पाऊस आला, वाट राहिली. सगुणाच्या गुडघ्यांपर्यंत आलेला दगड तिथेच थांबला.

दुसरे काम पुन्हा भिवानेच सुचवले. निम्म्या गावाची शेते नदीपलीकडे होती. तिथे जायला साकव हवा होता. या वेळी भांडण झाले नाही. चावडीत रास लागली. गवंडी म्हणाले, "किती दिवस पुरेल ते कळू द्या." म्हणून गोंदाजी मोजायला बसला.

"लाभ. दोन. तीन."

चौथी पायली भिवाची होती. घरून तो काठोकाठ मोजून घेऊन आला होता. गोंदाजीने ती मापात ओतली आणि त्याचा गुडघा आपसूक हलला. दाणे खाली बसले, वर जागा झाली.

"कमी भरली?" भिवा ओशाळला. "घरचं माप लहान असेल." त्याने कनवटीला बांधलेले मूठभर दाणे सोडून वर घातले. ते त्याचे दुपारचे होते.

गोंदाजीला सगळे कळले. चारचौघांत बोलायची त्याला लाज वाटली. तो म्हणाला, "चार."

साकव उभा राहिला. सर्वांआधी भिवा आणि आणखी दोघे त्यावर चढले. मधोमध पोहोचले आणि साकव ओल्या भाकरीसारखा तुटला. तिघांची प्रेते दुसऱ्या दिवशी खालच्या डोहात सापडली. सगुणा गळ्यापर्यंत दगड झाली.

नव्या वाटेने तीन तिरड्या गेल्या. माणसे परतली तेव्हा गोंदाजी चावडीपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "मी पायली ठोकली. भिवाची मूठ मी फसवून घेतली."

एक म्हातारा पुढे येऊन त्याच्या तोंडावर थुंकला. कोणीतरी पायली उचलून नदीत फेकली. भिवाची बायको ठकूबाई त्याच्याकडे बघत राहिली आणि घरात निघून गेली.

आता एकच काम उरले होते, आणि गोंदाजीला मागायची सोय नव्हती. तो घरी गेला तेव्हा सगुणा म्हणाली, "बाबा, लोकांसमोर रडू नका."

"नाही रडत."

"इथंही नका."

तो चावडीवर जाऊन बसला. माणसे पाठ फिरवून जात. दगड हनुवटीला लागला. सगुणाचे बोलणे बंद झाले; फक्त डोळे हलत. गोंदाजी ओठ दाताखाली धरून बसे. ओठातून रक्त येई, पण तो कोणाकडे पाहत नसे.

भिवाच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी ठकूबाई आली. तिच्या ओटीत ज्वारी होती.

"साकव पुन्हा बांधायचा," ती म्हणाली. "तिथंच."

गोंदाजीने मान हलवली.

"मोजायची नाही."

"नाही, बाई."

"आणि ऐक. तुझ्या लेकीसाठी देत नाही. माझं रान पलीकडे आहे, आणि पोटाला मला एकटीलाच कमवायचं आहे."

तिने ओटी सोडली. मग तिची जाऊ आली, मग तो थुंकलेला म्हातारा आला. ज्याने त्याने आपल्या ओंजळीने घातले. कोणी तीन ओंजळी घातल्या, कोणी एक, कोणी नुसते बघून गेले. त्यांना कोणी काही म्हणाले नाही.

चौथ्या दिवशी राजा आला. छत्र नाही, घोडा नाही. राणीच्या परसात स्वतः पेरलेल्या ज्वारीचे लहानसे गाठोडे हातात.

"मी घालू का?" त्याने विचारले.

"रांगेत या," ठकूबाई म्हणाली.

राजा रांगेत उभा राहिला.

साकव बांधला. त्यावरून गाडी गेली, गुरे गेली, पूर गेला, साकव राहिला. सगुणाच्या अंगावरचा दगड झाडाच्या सालीसारखा सुटून पडला. तिने खोल श्वास घेतला आणि पाणी मागितले. दरबाराच्या दारात युवराजाचा हात खाली आला. कोठारात त्या दिवसापासून ज्वारी ज्वारीच राहिली.

राजाने काठ्या मोडून चुलीत घातल्या. सुगीनंतर प्रत्येक गाव चावडीवर जमे, काय हवे ते सांगे, आपसात भांडे, आणि झेपेल तेवढे घाली. पहिल्या वर्षी फार थोडे जमले. राजवाड्याचा पूर्वेचा सज्जा पडला तो पडलाच. तो बांधावा असे कोणत्याच गावाने सुचवले नाही.

गोंदाजीला मापाचे काम उरले नाही. तो साकवाच्या डागडुजीला दगड वाहू लागला. ठकूबाई रोज त्यावरून रानात जाई. समोरासमोर आले की गोंदाजी डोक्यावरचा दगड सांभाळत कडेला सरके आणि ती पार होईपर्यंत थांबे. ती त्याच्याशी जन्मात पुन्हा बोलली नाही. तिचे पाऊल पलीकडच्या मातीवर पडले की मगच तो पुढे निघे.