चावडीच्या पायऱ्या

खूप जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की त्या गावाचं नावही आता कुणाला आठवत नाही. गावाची चावडी उंच जोत्यावर होती. जितकं जोतं उंच तितका गावाचा मान, अशी तिथली समजूत. म्हणून प्रत्येक पिढी दोन-चार पायऱ्या वाढवत गेली.

त्या गावात दोर वळणारी भिवरा राहायची. तिचे पाय जन्मापासून लुळे होते. चाकं लावलेल्या फळीवर बसून, हातांनी जमीन रेटत ती गावभर हिंडायची. चावडीत मात्र तिला जाता येत नसे. लोक मोठे कनवाळू! कुणी पायांना लेप आणून दिला, कुणी नवस बोललं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पायऱ्यांकडे कुणी पाहिलंच नाही.

एकदा पाटलांनी खालची विहीर बुजवायचं काढलं. वर नवं टाकं झालं होतं, मग जुनी विहीर कशाला? पण टाक्यालाही पायऱ्या होत्या. भिवराला स्वतःचं पाणी भरता येईल अशी ती एकच विहीर होती.

"मला बोलायचंय," ती म्हणाली. दोन गड्यांनी तिला उचलून चावडीत नेलं. ती जेमतेम बोलायला लागली, तोच पाटील हळहळले, "दमली बिचारी. न्या रे तिला घरी." गड्यांनी तिला बोलता बोलता उचललं आणि घरी नेऊन ठेवलं. रागाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

त्या गावात निर्णय पक्का करायचा तर प्रत्येक घराने चावडीतल्या रांजणात मूठभर धान्य टाकायचं. एका घराची मूठ राहिली तरी सगळं अडायचं. भिवराची मूठ आजवर शेजारीच वर नेऊन टाकायचे. दुसऱ्या दिवशी मात्र भिवरा धान्याची मूठ आवळून पायऱ्यांपाशी बसली.

"चल, उचलून घेतो," गडी म्हणाले.

"नको दादा. उचलून आणणारा त्याच्या मनात येईल तेव्हा उचलून नेतो. मी माझी येईन, माझी जाईन. तशी वाट करा."

"अगं, तुझ्या पायांपायी गावाने चावडी मोडायची?" पाटील म्हणाले.

"पाटील, पाय मला देवाने दिलेत. पायऱ्या तुम्ही बांधल्यात."

काठी टेकत आलेले एक आजोबा तिच्याशेजारी बसले. "माझे गुडघेही कधीचे वर चढत नाहीत," ते म्हणाले. "लाजेपोटी बोललो नाही, इतकंच." मग एक गरोदर सून येऊन बसली. पेरणीचा मुहूर्त अडला, जत्रेचा दिवस अडला. शेवटी पाटलांनी गवंडी बोलावला आणि चावडीला लांबलचक उतार बांधून घेतला.

भिवरा आपली आपण वर आली. लोकांनी तिला उलट प्रश्न विचारले, हुज्जत घातली. तिनेही घातली. विहीर राहिली. सगळं बोलून झाल्यावरच ती घरी जायला निघाली.

माणसाला खांद्यावर घेण्याआधी त्याच्या वाटेतली पायरी काढावी.