हिरव्या डोळ्याचा कंदील

ही गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की ती ज्या गावात घडली त्या गावाचं नावही आता कुणाला सांगता येत नाही. लहानांनी ती ऐकावीच, पण मोठ्यांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐकावी. कारण यातली चूक लहान माणसाच्या हातून होत नाही. ती तुमच्या-आमच्यासारख्या शहाण्यांनाच जमते.

एका नदीच्या काठाला लागून त्या गावाची घरं ओळीनं उभी होती. नदी वरून शांत दिसायची, पण पोटातून खोल होती. पायी ओलांडता येईल असा उतार एकच, मधल्या घराच्या अगदी समोर. तिथं पाणी गुडघ्याएवढं असायचं. मात्र वाट अरुंद. जरा डावीकडे सरकलं तरी डोह आणि उजवीकडे सरकलं तरी डोह.

त्या मधल्या घरात सगुणा, तिचा नवरा सोनबा आणि त्यांची एकुलती एक लेक बकुळ राहत होती. सोनबा बैलाच्या पाठीवर गोण्या लादून घाटाखाली जायचा आणि मीठ घेऊन यायचा. गावातले बाकीचे पुरुषही हेच करायचे. दसरा झाला की निघायचे आणि दिवाळीच्या अवसेला, दिवेलागणीच्या सुमाराला परतायचे.

आता गंमत बघा. अवसेला आकाशात चंद्र नसतो. त्या दिवसांत नदीवर धुकं उतरतं. पलीकडचा काठ म्हणजे नुसती वाळू, आणि तिथली प्रत्येक खूण पावसाळ्यात पुरानं धुऊन नेलेली. मग उतार सापडायचा कसा? त्यासाठी गावानं एक रीत पाळली होती. दिवाळीत दारापुढच्या काठीवर जो आकाशकंदील चढायचा, तो घरातल्या सगळ्यात धाकट्या लेकरानं केलेला असायचा. लेकरांचेच हात ते! कुणाचा कंदील लांबोडका व्हायचा, कुणाचा पोट सुटलेला, कुणाच्या झिरमिळ्या सगळ्या एकाच बाजूला. सारखे दोन कंदील कधी होत नसत. पलीकडून येणारा माणूस मधल्या घराचा कंदील ओळखायचा, तो नाकासमोर धरायचा आणि सरळ चालत घरी पोचायचा.

सगुणाच्या हाताला देवानं काय दिलं होतं कोण जाणे. तिची करंजी चंद्राच्या कोरीसारखी व्हायची, शंकरपाळ्याचा एक कोपरा दुसऱ्यापेक्षा मोठा नसायचा, आणि तिनं बांधलेल्या कंदिलाला कुठूनही बघा, तो सरळच दिसायचा. गावात कुणाकडे कार्य निघालं की पहिलं बोलावणं सगुणाला. पण तिला एक खोड होती. दुसऱ्याच्या हातचं वाकडं तिला बघवायचं नाही. शेजारणीच्या दारावरून जाताना ती वाकायची आणि रांगोळीची रेघ नीट करून पुढे जायची. शेजारीण तोंडदेखलं हसायची आणि आत जाऊन भांडी आपटायची. सगुणाला वाटायचं, आपण मदतच केली.

त्या वर्षी सोनबा निघायच्या आधी बापलेक ओसरीवर कंदील करायला बसली. सोनबानं कामट्या तासून दिल्या, बाकी सगळं बकुळनं केलं. एक कामटी आखूड पडली, म्हणून कंदिलाची मान एका अंगाला कलली. लाल कागद पुरला नाही, म्हणून एका बाजूला तिनं आईच्या जुन्या लुगड्याचा हिरवा तुकडा खळीनं चिकटवला. खळ जास्त झाली आणि त्यावर बोटांचे ठसे उमटले.

सगुणानं ते बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"अहो, हे काय कंदील म्हणायचं? द्या इकडे, मी उसवून नीट करते."

"हात लावू नकोस," सोनबा म्हणाला. "मान वाकडी करून वाट बघतोय बघ कसा, आणि एक डोळा हिरवा! अख्ख्या काठाला असा दुसरा नसेल. बकुळे, मी हाच बघत येणार हं."

"नक्की ना, बाबा?"

"नक्की. आणि तुझ्या फुटक्या करंज्या मला ठेव. त्यातलं सारण जरा करपतं ना, तेच मला आवडतं."

एवढं बोलून तो बैल घेऊन गेला.

दिवाळी जवळ आली तशी एक दिवस पाटलीणबाई सगुणाच्या दारात आल्या. पाटलीणबाई दारात येणं म्हणजे लहान गोष्ट नव्हती. सगुणानं घाईघाईनं पाट मांडला.

"सगुणे, यंदा अवसेला माझे व्याही यायचेत," पाटलीणबाई म्हणाल्या. "त्यांना आपला काठ दाखवायचाय. पण पोराटोरांचे ते वेडेवाकडे कंदील कसे दाखवायचे गं? तू सगळ्या घरांचे कर. एकाच मापाचे, एकाच रंगाचे. कागद मी देते."

सगुणाचा चेहरा फुलला. अख्खा काठ आपल्या हातचा! असा मान गावात कुणाला मिळाला होता? ती कामाला लागली. कामट्या सोलल्या, कागद कातरले, झिरमिळ्या कापल्या. लाल, गोल, नेटके कंदील ओसरीवर रांगेनं सुकू लागले. घराघरांतल्या आयांनाही बरंच वाटलं. पोरांच्या खळीनं घर चिकट व्हायचं, तेवढा त्रास वाचला.

एकट्या बायजा म्हातारीला ते रुचलं नाही. ती काठी टेकत आली, कंदिलांच्या रांगेकडे बघत राहिली.

"सुरेख झालेत," ती म्हणाली. "पण पोरी, हे सगळे एकासारखे एक. पलीकडून येणाऱ्यानं उतार ओळखायचा कशावरून?"

"आजी, येणारे काय आजच पहिल्यांदा येताहेत का?" सगुणा हसून म्हणाली. "जन्म गेला त्यांचा या नदीत."

"जन्म गेला तो खुणेवर गेला," म्हातारी म्हणाली आणि उठून गेली. सगुणानं ते बोलणं फारसं मनावर घेतलं नाही.

अवसेच्या दिवशी दुपारीच गावातले पुरुष परतले. लख्ख उजेड होता, त्यामुळे उतार त्यांना डोळ्यांनी दिसला. सोनबा मात्र त्यांच्यात नव्हता.

"त्याच्या बैलाच्या खुरात काटा मोडलाय," त्यांच्यातला एक जण म्हणाला. "हळूहळू येतोय मागून. अंधार पडेल, थांब म्हटलं आज तिथंच, तर ऐकेना. म्हणाला, मला कसली काळजी, माझी खूण लागलेली असेल काठावर."

सगुणाच्या काळजात लक्कन हललं.  मग तिनं काठावर नजर टाकली. सगळ्या दारांवर तिचे कंदील चढले होते, एका ओळीत, एका उंचीवर. फक्त तिच्याच दारात बकुळचा तो मान मोडलेला कंदील लटकत होता, चांगल्या दातांच्या रांगेत एक किडका दात असावा तसा. व्याही आता येतील. काठ कुणी सजवला म्हणून विचारतील, लोक आपल्या घराकडे बोट दाखवतील, आणि इथं हे ध्यान!

आत बकुळ करंज्या भरत होती. तिच्या करंजीत सारण जास्त व्हायचं, कड नीट दाबली जायची नाही आणि तेलात पडली की ती उलायची. सगुणानं आत येऊन तिच्या हातातली पारी काढून घेतली.

"सरक बाजूला. तळण खराब करशील. पाहुण्यांपुढे ठेवायच्यात या."

बकुळनं आपल्या फुटक्या करंज्या एका परडीत वेचल्या आणि वर फडकं झाकलं. त्या बाबांच्या होत्या.

ती बाहेर आली, तेव्हा आईनं काठीवरून कंदील उतरवलेला होता.

"आई, बाबा माझा कंदील बघत येणार आहेत."

"उद्या लावू गं तुझा. आज पाहुणे आहेत."

"पण बाबा आज येणार आहेत."

 उत्तर नसलं की मोठी माणसं जे करतात तेच सगुणानं केलं. ती रागावली. "दिवाळीच्या दिवशी हट्ट करू नये," म्हणाली. लेकीचा कंदील तिनं गोठ्यातल्या खुंटीला अडकवला आणि काठीवर आपला लाल, गोल, नेटका कंदील चढवला.

दिवेलागण झाली. नदीवर धुकं उतरलं. कंदिलांत पणत्या ठेवल्या गेल्या आणि काठ या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल झाला. पाटलीणबाई व्याह्यांना घेऊन आल्या. व्याही थबकून बघत राहिले. "वा! एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं!" ते म्हणाले. "कुणाचे हात हे?" लोकांनी सगुणाला पुढे केलं. सनई वाजत होती, करंज्यांची ताटं फिरत होती, आणि सगुणाला वाटत होतं की आपल्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी दिवाळी.

बकुळनं तिचा पदर ओढला.

"आई, बाबा हाक मारताहेत."

"कुठून?"

"नदीपलीकडून. माझं नाव घेताहेत."

सगुणानं कान दिला. सनई, माणसांचं हसणं आणि पाण्याची खळखळ, याखेरीज तिला काही ऐकू आलं नाही. तेवढ्यात पाटलीणबाईंनी हाक मारली. "पाणी वाजतंय गं," असं लेकीला सांगून सगुणा ताट घेऊन वळली.  पोर काठीखाली जाऊन बसली आणि नदीकडे बघत राहिली.

सोनबा त्या सांजेला आला नाही. पाहुणे गेले, पणत्या विझल्या, तरी आला नाही.

सकाळी बैल दारात आला. लंगडत होता, भिजलेला होता. पाठीवरच्या गोणीत मिठाचा खडा उरला नव्हता. गोणीच्या वर सोनबाचं गाठोडं बांधलेलं होतं. सगुणानं ते सोडलं. त्यात हिरव्या कागदाची गुंडाळी होती. लेकीला पुढच्या कंदिलासाठी घेतलेली असणार. कागदाचा रंग विरघळून बैलाच्या पाठीवर ओघळला होता.

गावातली माणसं पलीकडे धावली. वाळूत सोनबाची पावलं जशीच्या तशी उमटलेली होती. तो काठाकाठानं चालला होता. प्रत्येक कंदिलासमोर थांबला होता आणि वळला होता. पुन्हा इकडून तिकडे, पुन्हा तिकडून इकडे. सगुणाच्या घरासमोरही तो उभा राहिला होता आणि तिथूनही पुढे गेला होता, कारण तो कंदील त्याच्या लेकीचा नव्हता. शेवटी पावलं पाण्यात उतरली होती ती पाटलाच्या घरासमोर, जिथं सगळ्यात खोल डोह आहे.

"सकाळपर्यंत थांबला असता तर," कुणीतरी हळूच म्हणालं.

"पोरीला शब्द दिला होता ना त्यानं," बायजा म्हणाली. तिनं सगुणाकडे बघितलंसुद्धा नाही.

त्याच दिवशी दुपारी सोनबा डोहाच्या तोंडाशी सापडला.

बकुळ रडली, पण आईला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर सगुणाला सोपं गेलं असतं. करंज्यांची ती परडी फडक्याखाली तशीच पडून राहिली. ती उचलायचं धाडस घरात कुणाला झालं नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला सगुणा गोठ्यात गेली. उद्या लावू म्हणाली होती ना ती? तो उद्या तर कालच उलटून गेला होता. तिनं खुंटीवरचा कंदील काढला, त्यात पणती ठेवली आणि तो काठीवर चढवला. मान वाकडी करून, एक डोळा हिरवा करून तो धुक्यात पेटला. खाली पाण्यात उतार इतका स्पष्ट दिसत होता, की आंधळ्यानंही चालत यावं. पण पलीकडून आता कुणी यायचं नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात तो कंदील कुजला. दिवाळी आली तशी सगुणा ओसरीवर बसली आणि तसाच कंदील करायला लागली. एक कामटी मुद्दाम आखूड तोडली, हिरवा तुकडा चिकटवला. बघते तर कंदील सरळच. मोडला, पुन्हा बांधला, पुन्हा सरळ. आयुष्यभर ज्या हातांनी सगळ्यांचं वाकडं नीट केलं, त्यांना आता वाकडं येईना. कामट्यांवर डोकं टेकून ती ओक्साबोक्शी रडली.

बकुळ दारात उभी राहून बघत होती. त्या दिवाळीपासून तिनं ना पारीला हात लावला होता, ना कागदाला.

"बकुळे," सगुणा पदर पसरून म्हणाली, "तू कर गं बाई. तुझ्या हातानं कर."

पोरीनं आपले हात मागे घेतले.

"नको आई," ती म्हणाली. "माझं वाकडं होतं."

तेव्हापासून त्या गावात लेकरांच्या कंदिलाला मोठं माणूस हात लावत नाही, असं म्हणतात. कंदील कितीही वेडावाकडा झाला तरी तोच काठीवर चढतो. फक्त मधल्या घराची काठी पुढे कितीतरी दिवाळ्या रिकामीच होती, आणि सांज झाली की तिच्या खाली एक बाई नदीकडे बघत बसलेली दिसायची.

तात्पर्य: लेकराच्या हातचं वाकडं सरळ करायला जाऊ नये; आपल्या माणसाला आपलं घर त्याच्यावरूनच सापडत असतं.