काळजाची वाटी आणि धामणखोऱ्याची ठकाई

फार वर्षांपूर्वी, धामणखोऱ्यात बैलगाडीची वाटही नव्हती आणि माणसे कातळाला हात लावत डोंगर चढत, त्या काळी तिथे ठकू नावाची एक सुईण राहत होती. ती लवकर विधवा झाली. तिला स्वतःचे मूल नव्हते, पण खोऱ्यातल्या साऱ्या मुलांना पहिला स्पर्श तिचाच झाला होता. तिची बोटे लांब आणि थंड होती. पोटात आडवे फिरलेले मूल तिच्या पावलांचा आवाज ऐकून सरळ होई, असे म्हणतात.

तरीही ठकूच्या मनाला एक सल होता. मुले जगत, पण आया जगत नसत. बाळंतपण सुखरूप होई, आणि मग आठ-दहा दिवसांत बाई पांढरी पडू लागे. नखे कापसासारखी होत, उंबरठा ओलांडताना धाप लागे, आणि एके दिवशी तिचा दिवा विझे. गाव म्हणे, तिला ‘पांढरी’ लागली. पांढरी नावाची एक अतृप्त बाई बाजेच्या पायथ्याशी बसते आणि बाळंतिणीचे रक्त पिते, अशी तिथली समजूत होती. ज्या दुःखाचे कारण हाती लागत नाही त्याला लोकमानस एक देह आणि एक नाव देते. पांढरी ही त्यांतलीच. एका वर्षात अशा तीन बाया गेल्या, आणि तिघींची नाळ ठकूनेच कापली होती.

त्याच वर्षी ठकूच्या परसातल्या सरपणात एक रानमांजरी व्याली. ती तारेसारखी वाळलेली होती. एका सकाळी तिने ठकूची कोंबडी मारली. ठकू काठी घेऊन धावली आणि मध्येच थांबली. मांजरीने मांडीला तोंड लावले नव्हते, छातीलाही नाही. तिने पोट फाडून आधी काळीज खाल्ले होते. त्यानंतर हृदय, मग दाणे भरडणारा तो घट्ट पेटा. बाकीची कोंबडी तशीच टाकून ती पिलांना पाजायला गेली. ठकूने काठी खाली ठेवली. आठ दिवसांत मांजरीच्या अंगावर तुकतुकी आली आणि पिले लठ्ठ झाली. ठकूने आपल्या तीन कोंबड्या त्या मांजरीला मुद्दाम घेऊ दिल्या, असे म्हणतात. नवव्या दिवशी ती स्वतःशी म्हणाली, “मुक्या जनावराला कळतं, आन् आमाला कळंना.”

पण कळणे सोपे होते, मिळवणे अवघड. खोऱ्याच्या देवीचे नाव खोरजाई. तिच्या जत्रेआधी एक महिना साऱ्या खोऱ्यात सुरी चालत नसे. जत्रेच्या दिवशी चौऱ्याऐंशी घरांचे चौऱ्याऐंशी कोंबडे देवीपुढे कापले जात. मांस ज्याच्या त्याच्या घरी जाई. काळीज, हृदय आणि पेटा मात्र बारा मानकऱ्यांचा. ते पारावर मोठी कढई चढवत आणि तिथेच बसून खात. बाईने काळीज खाल्ले तर तिची नजर वर होते, असा समज होता. म्हणून बायका इतर दिवशीही ते शिजवत, वाढत, पण चाखत नसत. अन्नाची वाटणी ही नुसती भुकेची गोष्ट नसते. कोणाच्या आधी कोणी जेवायचे, हेही तिच्यात ठरलेले असते.

या कढईची आणखी एक गोष्ट होती. बहुतेक वर्षी ती कडू होई. कडू घास तोंडात आला की मानकरी तो थुंकत आणि म्हणत, “देवी रुसली.” मग कोणत्या घरच्या बाईकडून काय चुकले याचा शोध घेतला जाई, आणि जी सापडे तिला दिवसभर देवळाच्या भिंतीकडे तोंड करून उभे करत. आदल्या वर्षी धनगराच्या भागू नावाच्या सुनेला असे उभे केले होते. ती नवी नवरी होती. तिने काय चुकवले हे तिला अखेरपर्यंत कुणी सांगितले नाही.

आणि या वर्षी, जत्रेच्या अकरा दिवस आधी, भागू बाळंत झाली.

मुलगी झाली. ठकूनेच नाळ कापली. नवव्या दिवशी भागूचे ओठ राखेसारखे दिसू लागले. दहाव्या दिवशी तिला मुलगी उचलवेना. जत्रेच्या सकाळी तिची सासू ठकूला म्हणाली, “आली गं बया. पायथ्याशी बसलीया पांढरी.” ठकू उठली. तिने आपली लहान सुरी कमरेला खोचली आणि ती पारावर गेली.

पारावर सुभानजी पाटील बसले होते. तेच मानकऱ्यांतले पहिले. माणूस दुष्ट नव्हता. वाडवडिलांनी जे केले ते मोडू नये, एवढेच त्यांना ठाऊक होते.

“पाटील,” ठकू म्हणाली, “एक वाटीभर काळीज द्या. भागूला पायजे.”

पारावर हसू फुटले. एक मानकरी म्हणाला, “आता सुईण बी मानकरी झाली म्हना की! पागोटं आणू का?”

“पागोटं तुमालाच ऱ्हाऊ द्या, धनी. त्याच्याखाली काय तरी झाकावं लागतं,” ठकू म्हणाली. हसू थांबले.

पाटील म्हणाले, “ठके, देवीचा वाटा हाय त्यो. बाईच्या तोंडी गेला तर कढई कडू हुईल.”

“ती तर दर साली हुतीया. आन् देवी रुसत न्हाई, पाटील. पित्त फुटतं. काळजाला चिकटून हिरवी पिशवी असती, करवंदाएवढी. तुमी घाईघाईनं हातानं वरबाडता, ती फुटती, आन् भिंतीकडं तोंड करून बाया हुब्या ऱ्हात्यात.”

बारा पिढ्यांनी देवीचा राग म्हणून जे भोगले ते कोंबड्याचे पित्त होते, हे ऐकायला माणसाला वेळ लागतो.

शेवटी पाटील म्हणाले, “मग चौऱ्याऐंशीच्या चौऱ्याऐंशी तूच साफ कर. कढई गोड निगाली तर वाटी तुजी. पन एक जरी घास कडू लागला, तर खोरं सोडायचं. पुन्यांदा कुनाच्या बाजंपाशी बसायचं न्हाई.”

“कबूल,” ठकू म्हणाली.

ती पाराखाली मांडी घालून बसली. तिने डाव्या हाताच्या अंगठ्याने काळीज उचलायचे, पिशवी कुठे आहे ते पाहायचे, आणि पिशवीसोबत नखाएवढे काळीजही कापून टाकायचे. तेवढे काळीज वाचवायचा लोभ धरला की पित्त फुटते, हे तिला माहीत होते. पेटा ती कडेने चिरी, आतली खडे-वाळू धुऊन काढी, आणि मग आतले पिवळे चामडे एका ओढीत सोलून टाकी. सूर्य डोक्यावर आला. माणसे जेवणे विसरून भोवती उभी राहिली. तिच्या सुरीचा वेग इतका होता की पाते दिसत नव्हते, केवळ काळजांची रास वाढताना दिसत होती, असे म्हणतात. त्र्याऐंशी झाली. एकही फुटले नाही.

चौऱ्याऐंशीवा कोंबडा खुद्द पाटलांचा होता. पाच वर्षांचा, म्हातारा. त्याचे पित्त जांभळाएवढे फुगले होते आणि पिशवीची कातडी पाण्याच्या बुडबुड्यासारखी पातळ झाली होती. ठकूने त्याखाली सुरी सरकवली, आणि त्याच क्षणी भागूची सासू धावत आली. “ठके, भागूची नखं निळी पडली गं!”

हात हलला. पिशवी फुटली.

हिरवा थेंब काळजावर पडण्याआधी ठकूने मान खाली घातली, पिशवीला तोंड लावले आणि सारे पित्त पिऊन टाकले.

पाटील उठून उभे राहिले. “फुटलं न्हवं?”

“फुटलं,” ठकू म्हणाली. ती खोटे बोलली नाही. सगळ्या कथनांत हे एक वाक्य जसेच्या तसे सापडते. “पन सांडलं कुठं ते दावा.”

पाटलांनी ते काळीज उचलले, निखाऱ्यावर धरले, परतले आणि तोंडात घातले. ते बराच वेळ चावत राहिले. “गोड हाय,” ते म्हणाले. मग त्यांनी ठकूकडे पाहिले. तिचे ओठ आणि जीभ शेवाळासारखी हिरवी झाली होती, डोळ्यांतून पाणी वाहत होते. “अगं, कशापायी केलंस ह्ये?”

“तिकडं पोर चाललीया, पाटील. वाटी द्या.”

पाटलांनी आपली काशाची वाटी घेतली, काळीज आणि पेट्याने काठोकाठ भरली, पण ठकूच्या हाती दिली नाही. तिचे हात रक्ताने निसरडे झाले होते. ती पुढे धावली, आणि पाटील वाटी घेऊन तिच्यामागे निघाले, अनवाणी, लंगडत. दर जत्रेनंतर त्यांच्या पायाचा अंगठा सुजे आणि महिनाभर ठणके. तो मागच्या वर्षापासून पुरता बरा झालाच नव्हता. धनगराच्या झोपडीपाशी ते थांबले. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाने जायचे नसते. ते दाराबाहेर उभे राहिले.

आत ठकूने चूल पेटवली. पेट्याचे बारीक काप केले आणि हळद-मीठ घालून मंद आचेवर शिजत ठेवले, कारण पेट्याला वेळ लागतो. काळजाला लागत नाही. तवा तापला, चमचाभर तूप पडले, ठेचलेला लसूण पडला, मिरी पडली. काळीज तिने दोन्ही अंगांनी परतले, आतली लाली जाईपर्यंत, त्याहून एक क्षणही जास्त नाही. जास्त राहिले की ते कातड्यासारखे होते आणि आजारी माणसाला चावत नाही. वर लिंबू पिळले. लिंबाशिवाय काळजाचा गुण अंगी लागत नाही, असे ती नंतर सगळ्यांना सांगत असे.

भागूने घास पाहिला आणि मान फिरवली. “मावशे, बाईनं खाऊ न्हाई. नजर वर हुती.”

“हू दे,” ठकू म्हणाली. “खाली बघून लई मेल्या.”

भागूने तोंड उघडले. पहिल्या घासाला तिच्या कानाच्या पाळ्या गुलाबी झाल्या, दुसऱ्या घासाला नखे, आणि तिसऱ्या घासाला बाजेच्या पायथ्याशी कुणीतरी उठल्याचा आवाज झाला. दार आपोआप उघडले. बाहेर उभ्या पाटलांच्या अंगावरून थंड वारा गेला, असे म्हणतात. दुसऱ्या एका कथनात हे घडायला नाचणीची सुगी यावी लागली. ठकू दोन दिवसांआड रांधत राहिली, पेट्याचा रस्सा पाजत राहिली, आणि रंग थोडाथोडा परत आला. रक्त भरायला महिने लागतात, हे जाणत्यांना ठाऊक आहे. आख्यायिकेला तेवढा धीर नसतो. पण भागू जगली, यावर दोन्ही कथनांचे एकमत आहे.

ठकू मात्र त्या दिवसानंतर चव गमावून बसली. गूळ, मध, आंबा, तिला सारे कडूच लागे. तरी तिने चाळीस वर्षे खोऱ्यातल्या बाळंतिणींसाठी रांधले. मीठ ती चिमटीने ओळखी, शिजल्याची खूण वासाने. तिचे काही दंडक होते. काळीज ताजे असावे, त्याच दिवसाचे. पोटुशीला ते देऊ नये, बाळंतिणीला द्यावे, आणि तिलाही रोज नाही. ज्याचे सांधे सुजतात त्याने त्याकडे पाहूही नये. हा शेवटचा दंडक ती पाटलांकडे बघत सांगे. पाटलांनी वाटा सोडला, आणि वर्षभरात ते डोंगर चढू लागले. “तुज्या आधी कुनी सांगितलं न्हाई गं,” ते म्हणाले. ती म्हणाली, “इचारलं कुनाला?”

ठकू मेली की नाही याविषयी एकवाक्यता नाही. काही म्हणतात, ती पिकल्या वयात झोपेत गेली. त्या दिवशी चौऱ्याऐंशी घरांतले कोंबडे आरवले नाहीत, आणि सूर्य त्यांच्याशिवाय उगवला. काही म्हणतात, ती एका बाळंतिणीची चूल पेटवायला वाकली आणि ज्वाळेत मिसळून गेली. एवढे खरे की दोन पिढ्यांत ठकूची ठकाई झाली, आणि खोरजाईच्या देवळाबाहेर तीन दगडांची एक चूल मांडली गेली. तिला शेंदूर लावत नाहीत. तिला विस्तव देतात.

आजही धामणखोऱ्यात जत्रेच्या दिवशी पहिले काळीज आणि पेटा त्या चुलीवर शिजतो. कढई पारावर चढत नाही. पाटलांच्या घरातला कर्ता पुरुष वाटी घेऊन अनवाणी निघतो आणि खोऱ्यातल्या सगळ्यांत नव्या बाळंतिणीच्या दाराबाहेर उभा राहतो. तिची जात, तिचे घर, तिचे आडनाव विचारायचे नसते. तिचे पोट भरेपर्यंत खोऱ्यात दुसरे पान वाढत नाहीत.

एका वर्षी गावात बाळंतीण नव्हती. घाटात रस्त्याचे काम चालू होते, आणि खडी फोडणाऱ्या मजुरांच्या पालात, दूरच्या मुलखातून आलेली एक बाई सहा दिवसांची बाळंत होती. तिला मराठी येत नव्हते. पालाच्या तोंडाशी वाटी घेऊन अनवाणी उभा असलेला माणूस बघून ती घाबरली. मग तिने वास घेतला आणि खाऊ लागली. तिच्या अंगावर मूल पीत होते, म्हणून ती एका हाताने आणि फार सावकाश खात होती. उन्हे उतरत आली. पारावर पत्रावळी मांडून चौऱ्याऐंशी घरे बसली होती. कुणी हाक मारली नाही, कुणी घाई केली नाही. ती जेवत होती, तोवर गाव थांबले होते.